घरातल्या कुणाला अटक झाली तर: पहिल्या फोनपासून जामिनाच्या हमीपत्रापर्यंत

अटकेचा फोन बहुधा अवेळी येतो, आणि घरचे लोक पहिले काही तास ओळखीचा माणूस शोधण्यात घालवतात. नगरसेवक, कुणाच्या तरी साडूचा खात्यातला मित्र, 'वरून फोन' करू शकणारा कुणीतरी. संविधानाने अटक झालेल्याला सर्वांत जास्त संरक्षण दिले आहे ते नेमके याच तासांत. त्या वेळात घरच्यांनी करायचे काम एकच: जे घडते आहे त्याची वेळेसह लेखी नोंद होते आहे ना, हे पाहणे. पुढे न्यायदंडाधिकारी असोत की उच्च न्यायालय, आधी पाहिले जाते ते कागदावर काय आहे.

हा लेख महाराष्ट्रात, भारतीय न्याय संहितेखालच्या नेहमीच्या गुन्ह्यांसाठी आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ लागू झाली, म्हणून कलमे नव्या संहितेची दिली आहेत. यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंध), एनडीपीएस (अमली पदार्थ), मकोका (संघटित गुन्हेगारी), पीएमएलए (मनी लाँडरिंग) या विशेष कायद्यांत मुदती आणि जामिनाच्या अटी वेगळ्या आणि कडक आहेत. तिथे हा लेख अर्धाच लागू पडेल.

१. आधी ठरवा: अटक, नोटीस की नुसते 'चौकशीला बोलावले'?

अटकेची गरज नसेल तर पोलीस कलम ३५(३) ची नोटीस देतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात बजावले आहे. नोटीस आली की ठरल्या वेळी हजर राहा आणि हजर झाल्याची पोच नोटिशीच्या प्रतीवर घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहून ठेवावे लागते. व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस ही रीतसर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. तरीही ती वाचून सोडून देऊ नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर कलम १७९ पाहा. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. त्यांची चौकशी ते राहतात तिथेच करायची असते.

खरा घोळ तिसऱ्या प्रकारात होतो. 'साहेबांनी बोलावलंय' म्हणून नेले, मोबाइल काढून घेतला, बाकावर बसवले आणि रात्र झाली. कागद कसलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अटक 'दाखवली' जाते आणि चोवीस तासांचे घड्याळ तिथून सुरू झाले असे सांगितले जाते. माणसाला निघून जायची मोकळीक ज्या क्षणी संपली, तिथूनच अटक सुरू होते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच घेतली आहे. पण तो क्षण सिद्ध करायला पुरावा लागतो. म्हणून:

- ११२ वर फोन करून 'अमुक व्यक्तीला अमुक ठाण्यात अमुक वेळेपासून बसवून ठेवले आहे' एवढेच सांगा. कॉलची वेळ नोंदली जाते.
- हाच मजकूर पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा. चार ओळी पुरतात.
- घरातून नेताना इमारतीच्या किंवा शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात चित्रण झाले असेल तर ते त्याच दिवशी मागून घ्या. खासगी कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत पुसले जाते.

२. पहिल्या तासाभरात मिळवायची माहिती

ठाण्यात दोघांनीच जा. एक घरचा आणि शक्यतो एक वकील. पंधरा माणसे जमली की ठाणे अंमलदार दार लावून घेतो आणि बोलणे संपते. विचारायचे ते एवढेच: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, तपासी अंमलदाराचे नाव आणि हुद्दा, अटकेची तारीख व वेळ, आणि न्यायालयात कधी व कुठे हजर करणार.

'माहिती देता येत नाही' हे उत्तर चालत नाही. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात, निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद ठेवायला नेमलेला असतो, आणि ही माहिती ठळकपणे लावायची असते. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ठाणे आणि तारीख टाकून शोधता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार ती २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची असते. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांत ती तिथे नसते. मग वकील अर्ज करून प्रमाणित प्रत घेतो.

वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. अटकेत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला समिती असते, आणि अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ फौजदारी बचावासाठी लोकअभिरक्षक कार्यालय आहे. 'सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच' हा गैरसमज इथे महाग पडतो. सरकारी वकील वेगळा, विधी सेवेने दिलेला बचावाचा वकील वेगळा.

३. अटकेचे कागद नीट वाचा

घाई करायची नाही ती इथे. अटकेच्या वेळी तयार व्हायचे कागद असे:

- अटक मेमो (कलम ३६). त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही, आणि अटक झालेल्याची प्रतिसही.
- नातेवाइकाला किंवा मित्राला कळवल्याची नोंद (कलम ४८). कुणाला कळवले ते ठाण्याच्या वहीत लिहायचे असते, आणि हे पाळले का हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी तपासायचे असते.
- अटकेची कारणे (संविधानाचा अनुच्छेद २२(१) आणि कलम ४७).
- अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती (कलम ४९).

मेमोवर साक्षीदार म्हणून तुम्हाला सही करायला सांगितली तर आधी वेळेचा रकाना पाहा. तो कोरा असेल तर सही करू नका. चुकीची वेळ असेल तर भांडत बसण्यापेक्षा सहीखाली स्वतःच्या हाताने लिहा: 'सकाळी ९.१५ वाजता घरून नेले, मला मेमो सायंकाळी ७ वाजता दाखवला.' लिहू देत नसतील तर सही नाकारा आणि तेच लगेच ईमेलने अधीक्षक किंवा आयुक्तांना कळवा.

कारणांबाबत गेल्या काही वर्षांत कायदा बराच पुढे गेला आहे. 'आरोपी फरार होऊ शकतो, पुराव्यात ढवळाढवळ करू शकतो' असा छापील नमुना पुरत नाही. या माणसाने नेमके काय केले असा आरोप आहे, ते सांगावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवून दिले, की कुठल्याही कायद्याखाली अटक असली तरी कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. लगेच देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून, निदान रिमांडसाठी (म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे) हजर करण्याच्या दोन तास आधी तरी लेखी द्यायची. हे झाले नसेल तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरू शकतात. म्हणून कारणांचा कागद कधी हातात पडला, त्याची वेळ टिपून ठेवा. परप्रांतीय कामगाराला मराठीत आणि मराठी माणसाला इंग्रजीत दिलेला कागद, दोन्हींवर हरकत घेता येते.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते (कलम ३५(७)).

गुन्ह्याच्या दिवशी वय १८ च्या आत असेल तर पुढचे सगळे बाजूला ठेवा. अशा मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही, त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे असते. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र घेऊन धावा. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला.

४. काय बोलायचे, कशावर सही करायची

नाव, पत्ता, ओळख खरी सांगायची. आरोपाबद्दल स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही (अनुच्छेद २०(३)). कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. वकिलाला नजरेच्या टप्प्यात बसू द्यावे असा अर्ज रिमांडच्या वेळी करता येतो.

तपासात दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते (कलम १८१). कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण 'मी दाखवतो' म्हणून सांगितलेल्या जागेतून वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). निवेदन पंचनामे, म्हणजे आरोपीच्या अशा सांगण्याची पंचांसमोर केलेली नोंद, याच फटीतून तयार होतात. 'नुसतं जागा दाखव, मग सोडतो' हे वाक्य ऐकले की सावध व्हा.

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता कलम १०५ प्रमाणे सक्तीचे आहे. चित्रीकरण झाले नसेल तर तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहून वकिलाला द्या. मोबाइल जप्त झाला तर पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक (हँडसेटचा ओळख क्रमांक) आला आहे का ते पाहा.

५. वैद्यकीय तपासणी

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी (कलम ५३), आणि डी. के. बसू खटल्यातील १९९६ च्या निर्देशांप्रमाणे कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी. स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळते, ती मागा. प्रत्यक्षात डॉक्टर पोलिसाच्या देखत 'काही त्रास आहे का' विचारतो, समोरचा 'नाही' म्हणतो आणि तसा शेरा पडतो. जखम असेल तर कुठे, कशाने आणि केव्हा, हे तिथेच सांगायला हवे. चालू औषधे, मधुमेह, फिट येणे हेही. औषधांची चिठ्ठी घरच्यांनी तपासी अंमलदाराकडे द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची.

६. चोवीस तासांच्या आत न्यायालय

प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते (अनुच्छेद २२(२), कलम ५८). रविवार, दिवाळी, काही अडत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी न्यायालय नेमलेले असते. कोणते ते ठाण्यात आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

वकिलाला वकीलपत्रावर आरोपीची सही लागते. ती कोठडीत किंवा न्यायालयाच्या दारात घ्यावी लागते, म्हणून दोन प्रती तयार ठेवा. मग वकिलाने रिमांड रिपोर्टची प्रत मागायची. तिच्यात पोलीस कोठडी कशासाठी हवी ते लिहिलेले असते: मुद्देमाल हस्तगत करणे, साथीदारांचा शोध, वगैरे. ज्या वस्तू आधीच जप्त झाल्या त्यांच्यासाठी पुन्हा कोठडी मागितलेली असते, हे सर्रास दिसते. पंचनाम्याची तारीख दाखवून तिथेच खोडायचे.

न्यायदंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' पहिली नोंद पडायची जागा हीच. मारहाण झाली असेल, कारणे दिली नसतील, आदल्या दिवसापासून बसवले असेल, तर इथे बोलायचे आणि वकिलाने ते रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, लिहून घ्यायचे. इथे 'तक्रार नाही' असे गेले की पुढे तीच ओळ प्रत्येक न्यायालयात तुमच्यासमोर ठेवली जाते. आरोपीला हे कोर्टात येण्यापूर्वी वकिलाने सांगून ठेवावे. पोलिसांच्या गराड्यात ऐनवेळी धीर होत नाही.

कोठडी मिळालीच तर त्याच वेळी औषधे, घरचे जेवण आणि वकिलाची भेट यांसाठी अर्ज द्या.

पोलीस कोठडी, म्हणजे कोर्टात ऐकू येणारा पीसीआर, एकूण १५ दिवसांची. नव्या संहितेत ती सलग असायची गरज नाही. ६० दिवसांची मुदत असलेल्या गुन्ह्यांत पहिल्या ४० दिवसांत आणि ९० दिवसांच्या गुन्ह्यांत पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते (कलम १८७). म्हणून न्यायालयीन कोठडी, एमसीआर, झाली तरी आता पोलीस परत मागणार नाहीत असे धरू नका. वापरलेले दिवस वहीत लिहीत जा. पोलीस कोठडीसाठी दर वेळी प्रत्यक्ष हजर करावे लागते. व्हिडिओवरून हजेरी फक्त न्यायालयीन कोठडी वाढवताना चालते.

७. जामिनाचा अर्ज

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच मिळायला हवा (कलम ४७८). इथे कुणी 'खर्च' मागत असेल तर तो कायद्यातला नाही. हमी देण्याची ऐपत नसेल, आणि आठवडाभर हमी देता आली नसेल, तर त्याला निर्धन समजून स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचे असते.

अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायालयीन कोठडी झाल्या दिवशीच अर्ज टाकतात. न्यायाधीश सरकार पक्षाचा 'से', म्हणजे लेखी म्हणणे, मागवतात, आणि तो द्यायला तपासी अंमलदार एक-दोन तारखा घेतात. वकिलाने पहिल्याच दिवशी 'से'ची तारीख जवळची मागावी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांत दंडाधिकाऱ्यांचे अधिकार मर्यादित आहेत, तिथे थेट सत्र न्यायालय (कलम ४८३). अटक व्हायची असेल तर अटकपूर्व जामीन, कलम ४८२.

अर्जासोबत लागणारे: आधार आणि रेशन कार्ड, राहत्या घराचा पुरावा, नोकरीचे पत्र किंवा धंद्याचा परवाना, आजारपणाचे कागद, अवलंबून असलेल्यांची माहिती. न्यायाधीशाला हा माणूस पळून जाणार नाही हे दाखवायचे असते, आणि ते भाषणाने नव्हे, वीजबिलाने दिसते. मागचे गुन्हे असतील तर लपवू नका. सरकार पक्षाकडे यादी असतेच, आणि लपवलेले बाहेर आले की चांगला मुद्दाही वाया जातो.

८. आदेश झाला, माणूस मात्र आतच

जामीन मंजूर होणे आणि सुटका होणे यांत कधी कधी आठवडे जातात. सगळे अडते ते जामीनदाराच्या कागदांवर. त्याच्याकडून हे आधीच जमवा:

- ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो
- ऐपतीचा पुरावा: सातबारा आणि आठ-अ, किंवा घरपट्टीची पावती, किंवा अलीकडच्या वेतनचिठ्ठ्या, न्यायालयाने मागितले तर तहसीलदारांचे ऐपत प्रमाणपत्र
- प्रतिज्ञापत्र, ज्यात आपण आणखी किती आरोपींना जामीन आहोत ते सांगावे लागते (कलम ४८६)

ऐपत प्रमाणपत्राला वेळ लागतो. म्हणून आदेशाच्या दिवशीच वकिलामार्फत तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती करा. न्यायालये अनेकदा रोख रक्कम भरून घेऊन हमीदार आणायला काही आठवडे देतात. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन 'जामीनदार देतो' म्हणणारे भेटतात. त्यांचे सातबारे बऱ्याचदा बनावट असतात. ते उघड झाले की जामीन रद्द होतो आणि वर नवा गुन्हा.

रक्कम झेपत नसेल तर ती कमी करण्याचा अर्ज करा (कलम ४८४). सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. महिन्याभरात हमी देता आली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करू शकते. स्थानिक जामीनदारच हवा हा आग्रह सुटकेला उशीर करतो, हेही त्यात म्हटले आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची आर्थिक मदतीची योजनाही आहे, तिची चौकशी प्राधिकरणाकडेच करा.

सुटकेचा आदेश तुरुंगात संध्याकाळच्या ठरल्या वेळेआधी पोहोचला नाही तर ती रात्र आतच जाते. आदेशातले नाव, वडिलांचे नाव, गुन्हा नंबर आणि कलमे तुरुंगाच्या नोंदीशी जुळतात का ते कोर्टातच पाहून घ्या. 'शिवाजी'चे 'शिवजी' झाले तरी आदेश परत येतो.

९. दिवस मोजत राहा

मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हक्काने मिळतो. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, आणि रिमांडचा तो दिवस धरून. पहिला रिमांड १ मार्चला झाला असेल तर साठावा दिवस २९ एप्रिल, आणि हक्क ३० एप्रिलला उभा राहतो. त्या सकाळी न्यायालय उघडताच अर्ज दाखल व्हायला हवा. अर्जाआधी दोषारोपपत्र आले तर हक्क गेला. 'दहा वर्षांपर्यंत' शिक्षा असलेल्या कलमांत ६० की ९० यावर वाद होतात, तिथेही अर्ज ६१ व्या दिवशीच टाकावा.

खटला रेंगाळला तर कलम ४७९: कमाल शिक्षेच्या अर्धा काळ, आणि पहिल्याच गुन्ह्यात एक-तृतीयांश काळ आत गेला असेल तर सुटका. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले असलेले यातून वगळलेले आहेत. हा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा असतो, पण त्यांच्यावर विसंबू नका. खटल्याच्या तारखा ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकाने (खटल्याच्या ओळख क्रमांकाने) दिसतात.

१०. हक्क डावलले गेले असतील तर

माणूस कुठे आहे हेच कळत नसेल, तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) याचिका, म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, यांपैकी तुमच्या जिल्ह्याला लागू असेल तिथे.

ठाण्यातल्या मारहाणीसाठी सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्या काही दिवसांतच करा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी राखायला हवे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. अर्जात तारीख, वेळेचा पट्टा आणि ठाण्यातली खोली लिहा. 'कॅमेरा बंद होता' असे उत्तर आले तर तेही लेखी मागा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग या दोन्हींकडे तक्रार वकिलाशिवाय करता येते. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. तक्रारीला जोडायचे कागद तुमच्याकडे आधीच असतील: ११२ च्या कॉलची वेळ, पाठवलेला ईमेल, मेमोची प्रत, डॉक्टरांचा अहवाल आणि पहिल्या रिमांडचा रोजनामा.